‘वेब्ली’ पुन्हा बाजारात. वाट मात्र परवान्याची

सातारा/सांगली - दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आणि हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसणारे ‘वेब्ली’ रिव्हॉल्व्हर आता भारतात नव्याने घडवले जाते. मूळच्या बर्मिंगहॅमच्या ‘वेब्ली अँड स्कॉट’ कंपनीने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे उत्पादन सुरू करण्याची घोषणा २०२० मध्ये केली. त्याआधीपासून कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीचे ‘पॉइंट ३२’ रिव्हॉल्व्हरही त्याच घराण्यातील आहे. सैनिकी परंपरेच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशा शस्त्राविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. मात्र दुकानात जाऊन पैसे मोजावेत आणि पेटी घरी आणावी, अशी ही खरेदी नाही. कोणते शस्त्र घेता येते, कोणते घेता येत नाही, परवाना कसा मिळतो आणि घरातील जुन्या शस्त्राचे काय करायचे, याची ही माहिती.

मूळ शस्त्र कोणते?

‘वेब्ली’ नावाने एकच रिव्हॉल्व्हर ओळखले जात नाही. पहिल्या महायुद्धात गाजले ते ‘मार्क सहा’. १९१५ मध्ये स्वीकारलेले हे शस्त्र पॉइंट ४५५ बोअरचे, वजनदार आणि मोठा धक्का देणारे होते. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याला हलके आणि नव्या सैनिकाला लवकर शिकता येईल असे रिव्हॉल्व्हर हवे होते. त्यासाठी पॉइंट ३८ बोअर निश्चित झाला. वेब्लीच्या आराखड्याशी जवळीक असलेले ‘एन्फिल्ड नंबर दोन’ १९३२ मध्ये सरकारी कारखान्यातून सैन्यात आले. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की एन्फिल्डचे उत्पादन अपुरे पडले आणि वेब्लीचे स्वतःचे ‘मार्क चार’ही सैन्याला घ्यावे लागले. आजच्या भारतीय प्रतिकृतींचा आधार हेच ‘मार्क चार’ आहे.

या शस्त्राची ओळख पटवणारी खूण म्हणजे मधोमध मोडणारा सांगाडा. घोड्याजवळील खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते, गोळ्यांची चक्री उघडी पडते आणि रिकामी काडतुसे एकाच वेळी वर उचलली जातात. शेतावरची बारा बोअरची बंदूक जशी मोडून भरतात, तशीच ही रीत आहे. धावपळीत सहा काडतुसे झटपट बदलता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. अखंड सांगाड्याच्या तुलनेत मोडणारा सांगाडा कमी दाब सहन करतो. त्यामुळे या रचनेत मध्यम ताकदीचीच काडतुसे वापरली जातात.

जवानाच्या घरी रिव्हॉल्व्हर का नसते?

साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. गावात त्यांचे स्मारक आहे आणि घरोघरी सैन्यात जाण्याची परंपरा पुढेही चालू राहिली. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. अशा भागात आजोबांच्या रिव्हॉल्व्हरच्या आठवणी निघतात, पण त्या तपासून घ्याव्या लागतात. लढणाऱ्या जवानाचे शस्त्र रायफल होते. रिव्हॉल्व्हर हे प्रामुख्याने अधिकाऱ्याचे शस्त्र. सेवेतील शस्त्र सरकारच्या मालकीचे असते आणि निवृत्तीच्या वेळी ते जमा करावे लागते. अनेक ब्रिटिश अधिकारी स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर विकत घेत. त्यामुळे जुनी वेब्ली आढळली तर ती बहुधा अशा खासगी खरेदीतून किंवा संस्थानी आणि सरंजामी घरांतून आलेली असते.

इंग्रजी राजवटीत सर्वसामान्य माणसाला शस्त्र मिळणे अवघड होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या काळात आजचा सांगली जिल्हा सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, जत यांसारखी संस्थाने यांत विभागलेला होता. दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा वसंतदादांना गोळी लागली होती. शस्त्र हे सत्तेच्या हातातील साधन असते, ही जाणीव या भागात तेव्हापासून आहे.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. आजची खरेदी याच कायद्याखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली होते. २०१९ मध्ये कायद्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

रूप जुने, काडतूस वेगळे

नव्या वेब्लीविषयी सर्वांत आधी समजून घ्यायची बाब म्हणजे तिचा बोअर. सैन्यातील मूळ मार्क चार पॉइंट ३८ चे होते. नागरिकांना मिळणारे नवे शस्त्र पॉइंट ३२ चे आहे. याचे कारण कायद्यात आहे.

सैन्य आणि पोलिस वापरतात ती काडतुसे ज्या शस्त्रात चालतात, ती शस्त्रे ‘निषिद्ध बोअर’ म्हणजेच ‘पीबी’ गटात मोडतात. पॉइंट ३८ व पॉइंट ४५५ ची रिव्हॉल्व्हर, नऊ मिलिमीटरची पिस्तुले, पॉइंट ३०३ च्या रायफली ही त्याची उदाहरणे आहेत. या गटातील परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. सर्वसाधारण नागरिकासाठी उरतो तो ‘बिगरनिषिद्ध बोअर’ म्हणजे ‘एनपीबी’ गट. त्यात पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ ची शस्त्रे येतात.

परदेशांत जुन्या लष्करी पिस्तुलांच्या नव्या आवृत्त्यांची मोठी बाजारपेठ आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीचे ‘ब्राउनिंग हाय पॉवर’ हे १९३५ चे पिस्तूल. त्यात १३ गोळ्यांचे मॅगझिन होते आणि दुसऱ्या महायुद्धात ते दोन्ही बाजूंनी वापरले. एफएनने २०१८ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले, पण मागणी पाहून २०२२ मध्ये त्याच नावाने नवे पिस्तूल काढले. अमेरिका आणि तुर्कस्तानातील कंपन्यांनीही त्याच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. भारतात हेच पिस्तूल ईशापूरच्या रायफल कारखान्यात परवान्याखाली तयार झाले आणि सैन्य व पोलिसांकडे गेले. ते नऊ मिलिमीटरचे असल्याने येथील नागरिकाला मात्र ते विकत घेता येत नाही. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर नागरिकांसाठी परदेशी पिस्तूल व रिव्हॉल्व्हरची आयात बंद झाली. नामवंत नेमबाजांसाठीच सवलत राहिली. देशात पूर्वीपासून असलेली परदेशी पिस्तुले म्हणूनच अवाच्या सवा किमतीला हात बदलतात. नव्या शस्त्राच्या शोधात असलेल्याला देशी बनावटीकडेच वळावे लागते.

बाजारात काय मिळते?

* कानपूरचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर : वेब्ली मार्क चारच्या धर्तीवरील, मोडणाऱ्या सांगाड्याचे, सहा गोळ्यांचे शस्त्र. नळी तीन इंच, वजन सुमारे ७०० ग्रॅम.

* निर्भीक : २०१४ च्या जानेवारीत आलेले हलके रिव्हॉल्व्हर. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत उतरले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेच्या पार्श्वभूमीवर ते महिलांसाठीचे शस्त्र म्हणून पुढे आणले गेले. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती आणि ती कोणत्या महिलेला परवडणार, असा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला.

* प्रबळ : ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर. यात सांगाडा मोडत नाही. चक्री बाजूला बाहेर येते. ५० मीटरपर्यंतच्या पल्ल्याचा उत्पादकाचा दावा आहे. वेब्लीचे जुने रूप सोडून कानपूरने टाकलेले हे पाऊल होते.

* अशनी : सरकारी आयुध निर्माणीचे पॉइंट ३२ चे मॅगझिनवर चालणारे पिस्तूल.

* संडीलाची वेब्ली : मूळ कंपनीच्या नावाखाली, भारतीय भागीदारासह तयार होणारे मार्क चार. घोषणेच्या वेळी किंमत सुमारे १ लाख ६० हजार रुपये सांगण्यात आली होती.

आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. शस्त्रे बनवणारे कारखाने कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’कडे, तर खडकी आणि वरणगावचे दारूगोळा कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेले. जुन्या कागदांवर ‘आयओएफ’ असे दिसले, तरी आजचा व्यवहार या कंपन्यांशी होतो.

किमतीचा विचार करताना कर विसरून चालत नाही. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. म्हणजे एक लाख रुपये मूळ किमतीच्या शस्त्रावर ४० हजार रुपये कर द्यावा लागतो. जुन्या जाहिरातीतील किंवा ऐकीव किंमत गृहीत धरू नये.

दोन ‘पॉइंट ३२’, दोन काडतुसे

नवख्या खरेदीदाराची हमखास फसगत होते ती येथे. रिव्हॉल्व्हरचे पॉइंट ३२ आणि पिस्तुलाचे पॉइंट ३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरसाठीचे ‘एस अँड डब्ल्यू लाँग’ काडतूस १८९६ मधील आहे. ते लांब असते आणि त्याच्या बुडाला ठळक कड असते. पिस्तुलासाठीचे ‘एसीपी’ काडतूस १८९९ मधील. ते आखूड असून कड नाममात्र असते. ‘बत्तीसची गोळी’ एवढेच सांगून खरेदी करू नये. शस्त्राच्या नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव आणि डब्यावरील नाव जुळवून पाहावे.

ताकदीच्या दृष्टीनेही सैन्यातील वेब्ली आणि आजची वेब्ली यांत अंतर आहे. मूळ पॉइंट ३८ च्या काडतुसात २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची गोळी होती. पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरची प्रचलित गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे जवळपास निम्म्या वजनाची असते. तिचा धक्का कमी असल्याने नेमबाजीच्या स्पर्धांत हे काडतूस लोकप्रिय राहिले. संरक्षणासाठी घेणाऱ्याने मात्र युद्धातील नावलौकिकावरून नव्या शस्त्राच्या परिणामाचा अंदाज बांधू नये.

परवाना कोण देतो?

सातारा किंवा सांगली येथे पोलिस आयुक्तालय नाही. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हादंडाधिकारी या नात्याने आहे. अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यावी लागते. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही प्रमुख कागदपत्रे आहेत.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना कायद्याने ठरवलेल्या काळात आणि शांतता राखण्यासाठी बंधपत्र दिलेल्यांना त्याच्या मुदतीत शस्त्र बाळगता येत नाही. पोलिस ठाण्यामार्फत चौकशी होते. नियमांनुसार पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यावा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असे अपेक्षित आहे.

येथे बंदूक आणि पिस्तूल यांत कायद्याने केलेला फरक महत्त्वाचा ठरतो. किमान २० इंच नळीची गुळगुळीत आतील बाजूची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, तसेच ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी मागितली आणि अपात्रतेचे कारण नसेल, तर परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याकडे मात्र ‘सबळ कारण’ आहे, याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. व्यवसायाचे स्वरूप, जिवाला असलेला प्रत्यक्ष धोका, पोलिसांकडील तक्रारींच्या नोंदी किंवा नेमबाजी क्लबचे सक्रिय सदस्यत्व यांचा त्यात विचार होतो. ऐतिहासिक शस्त्राची आवड हे सबळ कारण ठरत नाही.

एक गैरसमज दोन्ही जिल्ह्यांत सर्रास आढळतो. मोठी जमीन किंवा बंगला असल्याशिवाय परवाना मिळत नाही, असे मानले जाते. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास ती अर्जदाराला द्यावी लागतात. लोकहितासाठी ती रोखली तरच अपवाद. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतील शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत रानडुकरे आणि गवे पिकांत शिरतात. अशा ठिकाणी तीन इंच नळीचे रिव्हॉल्व्हर निरुपयोगी ठरते. शिवाय शस्त्राचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि वन विभागाशी संपर्क साधणे हाच मार्ग आहे.

खरेदीचा क्रम

परवाना हाती येण्यापूर्वी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर लिहिलेला असतो. ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिले असताना पिस्तूल घ्यायचे असेल तर आधी दुरुस्ती करून घ्यावी लागते. शस्त्र घेण्याची मुदत परवान्यावर पाहावी. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडे नोंदणी करून करता येते. विक्रेता शस्त्राचा क्रमांक आपल्या नोंदवहीत आणि परवान्यावर लिहितो. त्यानंतर शस्त्र व परवाना जिल्हा प्रशासनाकडे दाखवून नोंद पूर्ण करून घ्यावी.

शस्त्र ताब्यात घेताना या गोष्टी पाहाव्यात :

* सांगाडा, नळी आणि कागदपत्रे यांवरील क्रमांक एकच आहे का.

* चाचणी झाल्याचा ‘प्रूफ’ ठसा स्पष्ट आहे का.

* मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा खटका घट्ट बसतो का. बंद केल्यावर नळी आणि सांगाडा यांच्या सांध्यात हालचाल जाणवते का.

* घोडा मागे ओढल्यावर चक्री जागेवर पक्की थांबते का, सहाही कप्प्यांत.

* घोडा न ओढता नुसता चाप ओढून पाहिला, तर तो आपल्या बोटाला झेपतो का. या पद्धतीत चाप जड असतोच. तो ओढताना नळी हलत असेल तर नेम चुकतो.

ही तपासणी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून आणि विक्रेत्याच्या परवानगीनेच करावी.

परवानाधारकाकडून जुने शस्त्र घ्यायचे असेल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. घेणाऱ्याकडेही त्या शस्त्राचा परवाना असावाच लागतो. दोघांतील साध्या कागदावरच्या व्यवहाराला अर्थ नाही.

घरात जुने शस्त्र असेल तर

परवानाधारकाचे निधन झाले की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. कपाटात शस्त्र तसेच ठेवून देणे हा अनेक घरांत होणारा आणि महागात पडणारा प्रमाद आहे. शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर नियुक्त वारसाला परवाना मागता येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने मिळणारे शस्त्रही याच मर्यादेत धरले जाते. त्यामुळे आजोबांची बंदूक आणि वडिलांचे रिव्हॉल्व्हर ज्याच्या नावावर आहे, त्याला हौसेने नवी वेब्ली घेता येणार नाही. घरातील जुने शस्त्र पॉइंट ३८ किंवा पॉइंट ४५५ चे असेल, तर ते निषिद्ध गटातील असल्याने त्याचा प्रश्न केंद्राकडे जातो. परवान्याची मुदत याच दुरुस्तीने तीनऐवजी पाच वर्षे झाली. नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी मागावे.

बाळगताना

मिरज तालुक्यातील म्हैसाळहून कर्नाटकातील कागवाड काही किलोमीटरवर आहे. जतहून विजयपूरकडे रोजची ये-जा असते. परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल, तर शस्त्र घेऊन हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरतो. नातेवाइकांकडील लग्न किंवा ऊसतोडीचे काम ही सबब चालत नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करण्यास हरकत नाही. आनंदाच्या भरात हवेत बार काढण्यास आहे. लग्नाची वरात, मिरवणूक किंवा धार्मिक समारंभात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. निवडणुकीच्या काळात प्रशासनाने शस्त्र जमा करण्याचा आदेश दिल्यास तो पाळावा लागतो.

महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीच्या पावसात पोलादाला गंज चढण्यास चार दिवस पुरतात. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायम ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते. वापरानंतर नळी साफ करून तेलाचा पातळ हात फिरवावा. शस्त्र रिकामे आणि कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

स्वस्तातील मार्ग म्हणजे तुरुंग

परवान्याची दीर्घ प्रक्रिया आणि लाखाच्या पुढची किंमत पाहून काही जण गावठी कट्ट्याकडे वळतात. बनावट ‘विदेशी’ पिस्तूल स्वस्तात देण्याच्या आमिषालाही तरुण बळी पडतात. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास आहे. निषिद्ध गटातील शस्त्र असेल तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे. समाजमाध्यमांवर हातात शस्त्र घेतलेले छायाचित्र टाकणे हे पोलिसांना दिलेले आयते निमंत्रण असते. शिवाय निकृष्ट नळी फुटून वापरणाऱ्याचाच हात किंवा डोळा जाण्याचा धोका वेगळा.

खरी गरज आहे का?

परवाना, प्रशिक्षण, किंमत, कर, काडतुसे आणि सुरक्षित कपाट यांची बेरीज केली तर पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर ही मोठी गुंतवणूक ठरते. तिचा उपयोग सराव असलेल्या हातालाच होतो. चोरटा समोर उभा असताना कुलूप उघडून, काडतुसे भरून नेम धरण्याइतका वेळ क्वचितच मिळतो. दुसरीकडे, घरात शस्त्र सहज हाती लागत असेल तर कौटुंबिक भांडण किंवा निराशेचा एक क्षण कायमचे नुकसान करतो. घरातील शस्त्रामुळे आत्महत्येची जोखीम वाढते, हे जगभरातील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. घरात व्यसन, नैराश्य किंवा सतत वादाचे वातावरण असेल तर शस्त्र न घेणे आणि असलेले जमा करणे हाच शहाणपणा होय.

ज्यांना वेब्लीच्या इतिहासाचे आकर्षण आहे, त्यांना नेमबाजी क्लबमध्ये नाव नोंदवून देखरेखीखाली सराव करण्याचा मार्ग मोकळा आहे. ज्यांना धोका खरा आहे, त्यांनी प्रथम पोलिस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी. तीच पुढे परवान्याच्या अर्जातही आधार ठरते. नव्या वेब्लीची घडण जुनी असली तरी तिला लागू होणारा कायदा आजचा आहे, आणि शस्त्र निवडण्यापूर्वी इच्छुकांनी वाचायचा पहिला कागद तोच आहे.